एकेचाळीस गाठोडी आणि पाच बरण्या

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "कांतीशेठ, तुम्ही आयुष्यभर मॉडेलं केलीत. एवढ्या बारीकसारीक वस्तू सांभाळता तरी कशा, त्यावर लिहा. वाचकांना उपयोग होईल." मी हो म्हणालो. वस्तू कशा ठेवाव्यात हे मला जुन्नर-आंबेगावात कुणी शिकवावं असं नाही. ही फुशारकी समजा हवी तर. पण याच हुशारीने मी एका बाईचं असं काही घालवलं, की ते भरून देणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. तिने मला गप्प राहायला सांगितलं होतं. ती होती तोवर राहिलो. आता ती नाही. तरी तिचं सांगणं मोडतोच आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत.

आमचं घराणं मूळचं राजस्थानातलं. आजोबांनी जुन्नरच्या पेठेत हार्डवेअरचं दुकान टाकलं. माझ्यापर्यंत येईतो मारवाडी फक्त आईशी बोलण्यापुरती उरली होती. दुकानात एका भिंतीला छतापर्यंत लाकडी खण होते आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना ठोकलेला असायचा. बिजागरीच्या खणावर बिजागरी, कडीच्या खणावर कडी. वडिलांना, म्हणजे बापूजींना, डोळे बांधून उभं केलं असतं तरी त्यांनी दीड इंची स्क्रू काढून दिला असता. त्यांचा एकच मंत्र होता: "जिन्नस जिन्नसात. माल कुणी आणला ते विसरायचं, माल काय आहे ते बघायचं." तो मंत्र मी लहानपणीच गिळला.

दुकान थोरल्या भावाकडे गेलं आणि मी वरच्या माळ्यावर मॉडेलं करत बसलो. मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची मापात केलेली छोटी प्रतिकृती. 'शंभराला एक' असं प्रमाण धरलं की शंभर फुटांची इमारत एका फुटात येते. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रमाण इमारतीपुरतं लावून भागत नाही, सगळ्याला लावावं लागतं. शंभराला एकमध्ये हरभऱ्याएवढा खडा पडून राहिला तर तो कमरेएवढा धोंडा दिसतो आणि सगळं मॉडेल खोटं पडतं.

त्यामुळे आमच्या धंद्यात निम्मं काम करण्याचं आणि निम्मं ठेवण्याचं. मोहोल्ल्यातला फोटोग्राफर रोलच्या रिकाम्या डब्या फेकून द्यायचा, त्या मी मागून आणायचो. झाकण घट्ट बसतं, ओल लागत नाही. पिना, खिळे, तारेचे तुकडे असं सगळं त्यांत. दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या बाटल्या उकळून रंगांना. लाकडाचा भुसा चाळून हिरव्याच्या चार छटांत रंगवायचा, ते गवत. घोसाळं वाळवून त्याची जाळी काढायची, ती कातरून झाडं. पुठ्ठे आणि पातळ फळ्या आडव्या, वर वजन ठेवून, कारण उभ्या ठेवल्या की पावसाळ्यात पापडासारख्या वळतात. हत्यारांच्या फळीवर मी प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढली होती. कानस जागेवर नसली की तिची काळी आकृती दिसायची. शहाण्याला शब्दाचा मार, माझ्या कामगारांना तेवढी आकृती पुरायची.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. इंजिनिअरिंगची पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी यायची. पी हळद अन् हो गोरी! "काका, फक्त पूल पायजे, उद्या सकाळी." एका कारखान्याचे संचालक आले होते. मॉडेल बघून खूश झाले, मग बराच वेळ धुरांड्याकडे बघत राहिले. म्हणाले, "शेठ, चिमणी जरा उंच करा की राव." मी म्हणालो, "खऱ्या चिमणीच्या मापाची आहे." ते म्हणाले, "म्हनूनच म्हनतोय." मी अर्धा इंच वाढवली आणि ते माझे पाय धरायचे बाकी राहिले. असे किस्से पुष्कळ आहेत आणि लोकांना तेच ऐकायला आवडतात. ते सांगत बसलो तर बरं वाटतं, आणि बरं वाटून घ्यायचा मला हक्क नाही.

नव्वदनंतरच्या काही वर्षांत मढच्या बाजूला धरणाचं पाणी चढलं. एक गाव त्यात गेलं. माणसं खाली पिंपळवंडीकडे वसाहतीत आली. एकसारखे प्लॉट, सरळ रस्ते. पुढे काही वर्षांनी, होळीच्या सुमारास, त्या गावचे जुने पोलीस पाटील बबनराव माझ्या माळ्याचा जिना चढून आले. धाप लागलेली. बसले आणि म्हणाले, "शेठ, आमचं गाव बांधून द्या. पानी काय आता हटत न्हाई. पोरं इचारत्यात, आपलं घर कुटं व्हतं, तर दावायला काय बी न्हाई."

भूसंपादनाचा नकाशा त्यांच्याकडे होता, लग्नाबिग्नातले पाच-सात फोटो होते. बाकी सगळं बबनरावांच्या डोक्यात. कुणाची ओसरी कुठल्या तोंडाची, कुणाच्या जोत्याला किती पायऱ्या, हे ते डोळे मिटून सांगायचे. काम मोठं होतं आणि मला हवंच होतं. परत जाताना ते जिन्यात थांबले.

"आनि एक हाय. गाव सोडताना घरटी मानसांनी कायबाय आनलंय. कुनी उंबऱ्याचं लाकूड, कुनी पायरीच्या दगडाची चीप, आनि माती तर समद्यांनीच. ती आमी गोळा करून आनतो. ज्याच्या परड्यात त्याची माती टाका. बस. येवडंच मागनं."

"टाकू की," मी म्हणालो. त्यात अवघड काय होतं?

आठवड्याभरात गाठोडी आली. एकेचाळीस घरं, एकेचाळीस गाठोडी. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, टॉवेलांच्या चिंध्यांत बांधलेली, आत वहीच्या कागदावर नाव. काही मुठीएवढी, काही नारळाएवढी. एक गाठोडं मात्र बबनरावांच्या पोत्यातून आलं नाही. ते त्याच गावची हौसाबाई स्वतः घेऊन आली. साठीची, सडसडीत, पायात चपला नाहीत. हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं ते गाठोडं तिने माझ्या टेबलावर ठेवलं नाही, हातात दिलं. "जपून ठिवा," म्हणाली आणि पाणीही न पिता गेली. मला वाटलं, म्हातारी माणसं असंच म्हणतात.

चैत्रात एका सकाळी बघतो तर उंबऱ्याच्या एका लाकडातून वाळवीचा भुगा पडलेला. शेजारीच पातळ फळ्यांची थप्पी होती, पुठ्ठे होते. मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही, सगळी गाठोडी सोडली. आम्ही जैन, आमच्यात जीव मारायचा नाही, म्हणून आधी माती सुपात पसरून एकूणएक मुंगी आणि किडा कागदावर घेऊन गच्चीच्या कुंडीत सोडला. इतका मी काळजीचा माणूस! मग लाकूड लाकडात, दगड दगडांत मापाप्रमाणे. माती मलमलीच्या कापडातून चाळली आणि रंगाप्रमाणे पाच बरण्यांत भरली: काळी, पांढरी, तांबडी, मुरमाड, राखाडी. कापडावर उरलेले खडे टाकून दिले. चिंध्या धुऊन, सारख्या मापात कापून, पॉलिशच्या कापडांच्या खणात. नावांच्या चिठ्ठ्या एका डबीत. प्रत्येक बरणीच्या तोंडाला तिच्यातल्या मातीचा नमुना चिकटवला.

ज्याची त्याची माती वेगळी ठेवायचं बोललो होतो, ते मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण माझ्या मनाने त्याचा कधीच निकाल लावला होता. एका गावची माती, तिच्यात काय फरक? आणि एकेचाळीस परड्यांत एकेचाळीस रंगांची माती टाकली तर गाव गोधडीसारखं दिसलं असतं. माझ्या बायकोने खालून येऊन बरण्या बघितल्या. तिने विचारलं, "त्यांना विचारलंत का?" मी म्हणालो, "मॉडेल कोण करतंय, ते का मी?" ती जिना उतरून गेली. मी बरण्यांसमोर उभा राहिलो आणि बापूजी असते तर काय खूश झाले असते, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

वैशाखात हौसाबाई आली. घरं उभी राहिली होती, छपरं बसली होती. तिने आपलं घर बरोबर ओळखलं. ओळीतलं शेवटचं, मागे शेवग्याचं झाड. घोसाळ्याच्या जाळीचा तो शेवगा तिने बोटाने हलकेच हलवून बघितला आणि हसली. मग म्हणाली, "शेठ, माझी माती द्या. ती म्या माझ्या हातानं टाकीन."

आता इथे खरं सांगायला हवं होतं. मी काय केलं? तांबड्या मातीची बरणी उघडली, चमचाभर माती कागदावर घेतली आणि तिच्यापुढे धरली. "घ्या."

तिने चिमूट घेतली, बोटांत चोळली. पुन्हा चोळली. "ही आमची न्हाई."

"तुमचीच आहे, मावशी. चाळली आहे फक्त."

"न्हाई. आमच्यात कोळशाचं बारकं तुकडं व्हतं. चुलीची राख टाकायचो मी तिथं. आनि रंग असला तांबडा नव्हता." तिने माझ्याकडे बघितलं. तिला राग आला नव्हता. ती फक्त चुकून दुसऱ्याची वस्तू हातात आली असं समजत होती. "तुमी दुसऱ्या कुनाची दिलीत. माझी हिरव्या फडक्यात हाय बगा."

मी बरणीचं झाकण लावत राहिलो. ती उठून स्वतःच बघू लागली. खणांची तोंडं, डब्या, बाटल्या. एक खण अर्धा उघडा होता, त्यात तिला हिरवा रंग दिसला. तिने तो तुकडा बाहेर काढला. तळहाताएवढा कापलेला, त्यावर निळ्या रंगाचा डाग. त्या दिवशीच मी त्याने दुसऱ्या एका मॉडेलातल्या धरणाच्या पाण्याचा ब्रश पुसला होता. मग मी सगळं सांगितलं. पाच बरण्या दाखवल्या. कोळशाचे तुकडे खड्यांबरोबर गेले, हेही सांगितलं.

हौसाबाई खाली बसली. बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिली आणि उलगडत राहिली.

"माझं पयलं पोर व्हतं, शेठ. आमच्यात बारकं पोर जाळत न्हाईत, पुरत्यात. परड्यात शेवग्याच्या बुडाशी पुरलं. पानी चढायच्या आदी त्या जागंची दोन मुठी माती काडली. वसाहतीत कोनाड्यात ठिवली व्हती. कुनाला म्हाईत न्हाई. मालकांना बी न्हाई. मग पाटील म्हनलं, ज्याच्या परड्यात त्याची माती जाईल. मला वाटलं, चला, त्याला आपल्या परड्यात तरी जाता यील."

मला वाटलं, ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पुन्हा एकदा सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली. फळीवरच्या आकृत्या, बरण्यांची रांग. "लई नीट ठिवलंय समदं," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, आणि म्हणूनच ते वाक्य मला आजवर सोडत नाही. तांबड्या मातीची चिमूट तिने कागदावर परत ठेवली. फडकं मात्र घेऊन गेली.

चार दिवसांनी मी एसटीने मढला गेलो आणि तिथून एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर धरणाच्या काठाला. उन्हाळ्याने पाणी उतरलं होतं. वाटलं होतं, जागा सापडली तर परत दोन मुठी माती आणीन. बबनरावांनी सांगितलेलं गाव माझ्या हाताने तयार झालं होतं, कुठलं घर कुठे ते मला त्यांच्याइतकंच पाठ होतं. पण काठापासून आत जिथवर नजर जाई तिथवर भेगाळलेला गाळ. जोत्यांची नुसती टोकं वर. मी शेवटच्या घराच्या अंदाजाने चालत गेलो, तर गुडघ्यापर्यंत रुतलो. तिथे शेवगा नव्हता, परडं नव्हतं. हाताने उकरत राहिलो, तर गाळाखाली गाळच लागला. ज्याच्या मोटरसायकलवर आलो तो काठावरून हाका मारत होता, "पावणं, माघारी या, रुताल!" दोन तालुक्यांतली कुठलीही वस्तू मी कुठून ना कुठून मिळवून देत असे. ती माती मला मिळाली नाही.

परत आल्यावर वसाहतीत गेलो. हौसाबाईने दारातच ओळखलं मी कुठून आलो ते, माझ्या चपलांना तो पांढुरका गाळ अजून चिकटलेला होता. "तिथं आता काय बी न्हाई," ती म्हणाली. "मला म्हाईत व्हतं. तुमी कशाला गेलात उन्हाचं?" मी म्हणालो, "मी सगळ्यांना सांगून टाकतो. बबनरावांना, सगळ्यांना. एकाचीही माती वेगळी राहिली नाही म्हणून." तिने माझा दंड धरला. जोरात धरला. "न्हाई. त्यांना सांगू नका. माझं गेलं ते गेलं. त्यांचं तरी ऱ्हाऊ द्या."

श्रावणातल्या एका सोमवारी समाजमंदिरात मॉडेल मांडलं. माती मी बरण्यांतूनच टाकली होती. दुसरं काय करणार होतो? सगळी वसाहत लोटली. मी माझ्या आयुष्यात केलेलं ते सगळ्यांत चांगलं काम होतं, हे मला तिथे उभं राहूनही कळत होतं. माणसं वाकून आपापली घरं शोधत होती. एका म्हाताऱ्याने आपल्या परड्यातल्या मातीला बोट लावलं, ते कपाळाला लावलं आणि नातवाला म्हणाला, "ही आपल्या दारची माती. तुझा आजा हिच्यात खेळला." मग सगळेच तसं करू लागले. बायका पदराने डोळे पुसत होत्या. "आमची ही. बगा, आमची रंगानंच वळखू येती." बबनराव माझा हात हातात घेऊन नुसते हलवत राहिले.

हौसाबाई शेवटच्या घरापाशी उभी होती. शेजारणीने तिला विचारलं, "तुमी न्हाई लावत?" तिने वाकून बोट लावलं, कपाळाला लावलं. माझ्याकडे बघितलंही नाही. तिथल्या एकेचाळीस घरांत, आपण हात लावतोय ती माती कुणाची हे कुणालाच सांगता येणार नाही, हे माहीत असलेली ती एकटी होती. तेवढं सगळं तिने एकटीने उचललं. माझी चूक होती आणि ओझं तिच्या डोक्यावर.

त्यानंतर काही आठवड्यांनी आमची संवत्सरी आली. वर्षभरात जाणता-अजाणता ज्यांना दुखवलं त्या सगळ्यांची त्या दिवशी क्षमा मागायची, असा आमच्यात नेम आहे. छापील कार्डं निघतात. मी दर वर्षी गिऱ्हाइकांना पाठवायचो, पत्ते अक्षरवार लावलेले असत. त्या वर्षी कार्ड पाठवलं नाही. उपास सोडायच्या आधी पिंपळवंडीची एसटी पकडली.

हौसाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिच्यासमोर उभा राहून मी हात जोडले. आमच्यात क्षमा मागतात ती ओळ म्हणालो, आणि तिला ती कळणार नाही म्हणून मराठीतही म्हणालो.

ती शेंगा फोडायची थांबली. "माझ्याकडं कशाला मागता, शेठ? मी त्याला दोन मुठीत घेऊन आले, ती माझीबी चूकच झाली. आता ज्याची जागा मोडली त्याच्याकडं मागा."

क्षमा नाव घेऊन मागायची असते. मी विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

"अकराव्या दिशी गेला. दुसऱ्या दिशी बारसं व्हतं," हौसाबाई म्हणाली. "नाव ठिवलंच न्हाई."